खासदार, जवाब दो!

अमरावतीच्या स्टँडवर सकाळीच अकोल्याची एसटी पकडली. घरी गाडी होती, ड्रायव्हरही तयार होता. पण खासदार झाल्यावर पहिल्यांदाच अकोल्याच्या हमालांना भेटायला निघालो होतो. ज्या युनियनमध्ये आधी पोती वाहिली आणि मग सेक्रेटरी झालो, तिच्यासमोर पांढऱ्या गाडीतून उतरायचं कसं? साधेपणा मिरवायची हौस, दुसरं काय! कंडक्टर तरी ओळखेल असं वाटलं होतं. तो "मागं सरका" एवढंच म्हणाला.

आमदारांसाठी राखीव असलेली सीट दिसली आणि मला उगाच गुदगुल्या झाल्या. तिच्यावर शेजारच्या भाजीवाल्या बाईंनी मेथीचं टोपलं ठेवलं होतं. खासदार आमदारापेक्षा मोठा, या ऐटीत मी विचारलं, "ही सीट राखीव आहे ना?"

"हाये ना. पन आमदार काई येत नाई, म्हनून मी टोपलं ठेवतो." मग मला न्याहाळून म्हणाल्या, "गुडघे दुखतेत काय तुमचे? बसा मंग."

टोपलं माझ्या मांडीवर आलं. मूर्तिजापूरपर्यंत लोकप्रतिनिधीने मेथी सांभाळली. तिथे गाडी थांबल्यावर आलुबोंडा घेतला, वर तर्री (तिखट रश्श्याचा लाल तवंग). गाडी सुटेल या घाईत ती सदऱ्यावर सांडली. पुढे दोन्ही बाजूंना काळी रानं आणि कपाशी होती, पण माझं लक्ष त्या डागाकडेच.

अकोल्यात बाजाराच्या फाटकाशी हमालांचं धरणं चालू होतं. मागणी एकच: पोत्याचं वजन निम्मं करा. याच मागणीवर मी मतं मागितली होती. ही माणसं आता मला आपला मानतील की नाही, याची सगळ्या वाटेवर धास्ती होती.

आमच्या धरण्याची एक रीत आहे. आपला माणूस सतरंजीवर बसतो आणि निवेदन घ्यायला येणाऱ्या साहेबाला खुर्ची मिळते. मला पाहताच किसनाने खुर्ची मांडली. माझ्या जोडीने पोती उचललेला, जन्मभर मला 'अबे' म्हणणारा किसना!

"बसा, साहेब," तो म्हणाला. फार लागलं मनाला. पण बसलो.

घोषणा सुरू झाल्या. किसना ओरडला, "खासदार, जवाब दो!"

सवयीने माझी मूठ वर गेली. "जवाब दो, जवाब दो!" सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

मग जो हशा पिकला!

"अबे, कोनाले इचारून राह्यला?" किसना म्हणाला. "जवाब तुलेच द्याचा हाये!"

'अबे' ऐकून जीव भांड्यात पडला, आणि मी जवाब देऊ लागलो, "संसदेत बोलायलाच मिळालं नाही रे. माझी पाळी आली आणि गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं."

"गोंधळ घालाले त तुले पाठोलं होतं आमी! तू काहून (का) गप्प बसला?"

मी खुर्ची सोडली आणि सतरंजीवर बसलो. संध्याकाळी उठताना गुडघे धरले. दोघांनी बगलेत हात घालून उचललं तेव्हा किसना धापा टाकत म्हणाला, "पोत्याहून जड झाला बे तू!"

परतीच्या बसमध्ये आमदारांची सीट रिकामी होती. मी मागे जाऊन बसलो. किसना उद्याही तेच पोतं उचलणार आहे. पुढच्या अधिवेशनात मी पाळीची वाट पाहणार नाही, मूठ वर करून ओरडणार आहे. फक्त या वेळी समोर कोण बसलंय, ते आधी पाहून घेईन.