पियानोची एक पट्टी

परवा ऑफिसात शेजारची मुलगी म्हणाली, “सर, कोड लिहिताय की भाकरी थापताय?” कीबोर्डवर माझी बोटं अजूनही जोरात पडतात. तेवढ्यावरून मला कॅम्पातल्या रोझी मॅडम आठवल्या.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. प्रोजेक्टचा विषय होता, बोटाच्या स्पर्शाने पियानोचा सूर बदलतो का. मी पियानो कधी पाहिलाही नव्हता, म्हणून पियानो शिकवणाऱ्या रोझी मॅडमकडे गेलो. त्यांनी पियानोचं झाकण उघडताच जुन्या लोकरीचा वास आला. तारांवर पडणाऱ्या हातोड्या लोकरीने मढवलेल्या होत्या.

मी एक पट्टी दाबली. सूर टणक वाजला.

“टायपिंग शिकलास काय?”

“हो मॅडम. नोकरीसाठी.”

“तरीच. मारू नको तिला. आधी बोट टेकव, मग दाब.”

तसं केल्यावर तोच सूर मऊ वाजला. मी सोबत आवाज मोजायचं मीटर आणलं होतं. काटा दोन्ही वेळा त्याच आकड्यावर.

“मग काय लिहिणार?”

“फरक नाही, असं. कॉलेजातले सर पुरावा मागतात.”

“आणि तुझ्या कानाला?”

मी वही मिटली.

प्रोजेक्टात ‘फरक नाही’ असंच लिहिलं. मला फर्स्ट क्लास मिळाला, पुढे नोकरीही. बऱ्याच वर्षांनी वाचलं, की वरून आपटलेल्या बोटाची लाकडावरची टकटकही सुरात मिसळते आणि ती कानाला कळते. त्या दुपारी मला ती स्पष्ट कळली होती. फक्त माझं ऐकणं कॉलेजात पुरावा म्हणून चालेल, असं मला वाटलं नव्हतं.