पशुमित्राचा सत्कार

आमच्या पेढीचा इतिहास लिहायचं माझ्या चुलतभावाने ठरवलं, तेव्हा त्यातून सगळ्यात आधी बोकड हाकलले गेले. आजोबांनी घाटकोपरला पेढी काढली ती लोकरीच्या दलालीची, हे खरं. पण लोकर आमच्याकडे तोंडी लावण्यापुरतीच. पोट भरलं ते काकांनी. देवनारच्या बाजारात मेंढ्या-बोकडांचे सौदे जमवून त्यांनी घर चालवलं आणि ह्याच पोराला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, परदेशात शिकवलं. तो तिथून ‘हेरिटेज’ हा शब्द घेऊन आला.

आता अंधेरीत चकाचक ऑफिस. भिंतीवर लावायचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला, कारण मी मराठी शिकवते. त्यात आजोबा द्रष्टे, भाऊ द्रष्ट्यांचा नातू. मधल्या काकांचा पत्ताच नाही.

“काका कुठायत रे?”

“अगं, अख्खी बिल्डिंग शाकाहारी आहे. बोकड लिहिले तर वाट लागेल ना! तूच काहीतरी सॉफ्ट टाक. पशुमित्र वगैरे.”

मी ‘पशुमित्र’ घालून मजकूर काकांना वाचून दाखवला. “असा मित्र देवाने कुठल्या जनावराला देऊ नये,” म्हणून ते हसले. मग म्हणाले, “एक ओळ खरी हवी होती गं.”

मी ती खरी ओळ लिहून दिली. उद्घाटनाला पडदा सरकला, तर भिंतीवर पशुमित्रच! मला भावाचा असा संताप आला की समोरचा ढोकळासुद्धा गोड लागेना.

मग त्याने वडिलांना शाल पांघरवली. लोकरीच्या पेढीची शाल, ती ॲक्रिलिकची. काकांनी मुलाचा हात धरला आणि शालीच्या टोकाखाली ओढून घेतला. बाजारात भाव असाच ठरतो. वर कापड, खाली बोटं, तोंडाने चकार शब्द नाही. पटलं नाही तर समोरचा उलट बोटं दाबून भाव वाढवतो. काका दाबत होते आणि भाऊ कॅमेऱ्याकडे बघत होता.

“थँक्यू, बाबा,” तो गहिवरून म्हणाला.

घरी निघताना मी विचारलं, “काका, काय सांगत होतात त्याला?”

“म्हाताऱ्या बोकडाचा पडेल भाव. म्हटलं, निदान हा तरी वाढवून देईल. पोरगा थँक्यू म्हणून मोकळा झाला.”