मुलुंड ते मढ: दाजीचा टाक

गेल्या आठवड्यात भाचीने घराण्याची वंशावळ काढून सगळ्यांना फोनवर पाठवली. तिच्यात हरी गणू एकच आहे आणि दाजी हा त्याचा निपुत्रिक भाऊ. हीच चूक घरात पूर्वी एकदा झाली होती आणि तिच्यापायी एक माणूस कायमचा पुसला जाणार होता. म्हणून लिहिते आहे. मढला जाऊ पाहणाऱ्यांना वाटेचाही उपयोग होईल.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मुलुंडची आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, घरचे देव सांभाळायची. देवांशेजारी पूर्वजांचे दोन टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेली आकृती. एक हरीचा, एक दाजीचा. आत्याच्याने आता पूजा होत नव्हती. हरीचा टाक बोरिवलीचा माझा चुलतभाऊ शरद नेणार होता. दाजीचा कोणालाच नको होता.

"मूलबाळ नाही त्याला. कुणाच्या घरी उपेक्षित बसवण्यापेक्षा त्याच्या गावच्या पाण्यात सोडा," आत्या म्हणाली. "आणि परत माझ्याकडे आणू नका."

मला एक गोष्ट खटकत होती. हरीने मढला विहीर खणली म्हणतात, आणि हरी मुंबईच्या गोदीत कामाला लागला असंही म्हणतात. विहीर तर गोदीच्या नोकरीपेक्षा कितीतरी जुनी. एका माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही मावत नव्हतं. तसं बोलले तर शरद म्हणाला, "शाळेत गणित शिकवतेस म्हणून मेलेल्यांचेही पेपर तपासणार का तू?"

दाजीचा टाक घेऊन शरद आणि मी सकाळीच निघालो. मुलुंडहून पवईवरून अंधेरीला बस, तिथून दुसरी बस वेसाव्याला. आता मेट्रो आहे, तेव्हा नव्हती. पवईला तलावावर धुकं होतं. पुढे साकीनाक्याला बस अडकली ती अडकलीच. वेसाव्याच्या धक्क्यावर बोंबील वाळत घातलेले. वास सोसत नसेल तर जाऊ नका. खाडी ओलांडायला फेरीबोट मिळते. सुटे पैसे ठेवा, चपला हातात घ्या, ओहोटीला चिखल फार.

मढला आमच्यापैकी एकच घर उरलं होतं, सखूकाकूंचं. आधी त्यांना भेटून मग पाण्याकडे जायचं ठरलं. काकूंनी तळलेले बोंबील पुढे केले. पिशवीत टाक होता, म्हणून मी नको म्हटलं.

"दाजी काय वरणभातावर जगला? खा मुकाट," काकू म्हणाल्या आणि अंगणात होडी रंगवणाऱ्या मुलाला हाक मारली, "भाई, दोन शहाळी उतरव."

शरदच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्याने विचारलं, "काकू, पत्रिका पाठवायची आहे. भाईचं खरं नाव काय हो?"

काकूंनी पदर सारखा केला. "त्यालाच विचार."

भाई हसला. "आईच्या तोंडून ऐकायचं तर जन्म जाईल. नारायण. आजोबांचं नाव. सासऱ्याच्या नावाने पोराला हाक कशी मारील ती?"

माझा हात ताटलीतच राहिला. "काकू, दाजीला दाजी कोण म्हणायचं?"

"त्याची आई. मग सगळं गाव."

"आणि तिचा सासरा?"

"विहीरवाला हरी. आज्याचं नाव नातवाला ठेवलं, पण घरात ते घेणार कोण?"

विहिरीच्या काठावर बसून मी शरदला समजावलं. विहीर खणणारा हरी, त्याच्याही बापाचं नाव गणूच. त्याचा मुलगा गणू. गणूचा हरी, तोच दाजी, तोच गोदीत गेला. आणि त्याचा मुलगा पुन्हा गणू, आत्याचे आजोबा. त्याने बापाचं नाव हरीच लावलं, म्हणून दाजीच्या नावापुढे कोणीच उरलं नाही. एका सुनेने आदर पाळला आणि त्या आदरात तिचा मुलगा हरवला.

मी टाक बाहेर काढला. पूजेत घासून त्याचे नाकडोळे गेले होते, फक्त खांद्यांचा उठाव बोटाला लागत होता. खाली, काळ्या दगडांच्या मधून, पाणी अजून झिरपत होतं. ज्याला बुडवायला आणलं, त्याच्याच पोटचे आम्ही सगळे. मी टाक परत पिशवीत ठेवला आणि विहिरीच्या पाण्याने बाटली भरून घेतली.

शरद म्हणाला, "खापरपणजोबांना बसमधून आणलं आणि तिकीट आपलं दोघांचंच काढलं."

मुलुंडला आत्या टाक पाहून चिडली. "आणू नका म्हटलं होतं ना?"

मी सगळं सांगितलं. तिने टाक मागून घेतला आणि पदराने पुसत राहिली. "माझ्या आजोबांचा बाप," ती म्हणाली. "आणि मी त्याला परका समजून फूल वाहत होते." मग तिने दोन्ही टाकांना गंध लावलं. "हरी," ती म्हणाली, आणि दुसऱ्यालाही, "हरी."

मढची वाट आता सोपी झाली आहे. त्या दिवसापासून मात्र घरात कोणाचं लाडकं नाव कानावर आलं की मी खरं नाव विचारते, आणि हाक मारणारं कोण, तेही विचारते.

भाचीने वंशावळीत हे घालावं. त्या संध्याकाळी आत्याच्या देवघरापुढे दिलं-घेतलं ते असं: विहीर खणणारा हरी गणू, एक टाक, शरदकडे, बोरिवली. त्याचा नातू हरी गणू, घरात दाजी, एक टाक, माझ्याकडे, घाटकोपर. मढच्या विहिरीचं पाणी, एक बाटली, आत्याकडे.