पुसलेली उत्तरं

बाभुळगावच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर रद्दीतून आणलेला, यवतमाळच्या कुठल्याशा क्लासचा प्रश्नसंच होता. त्यातली पेन्सिलीची उत्तरं ती खोडरबरानं पुसत होती. खड्डा आला की तिचा हात थांबायचा.

मला राहवेना. "राहू द्या की उत्तरं."

"पोरीसाठी हाय. शाळेत गणिताचे मास्तर नाहीत. उत्तरं दिसली तं पोरगी डोकं कायले लावन?" पान उलटून ती हसली. "हे पाहा, कोरंच हाय. काही पोरं हातच लावत नाहीत, ताई. माही मेहनत वाचली."

माझ्या मुलाचे गेल्या वर्षीचे संच मी कोरेच रद्दीत घातले होते. यंदाचा नवा माझ्या पिशवीत होता. पिशवी मी पायानं सीटखाली ढकलली. प्रत्येक खड्ड्याला ती पुन्हा बाहेर येत होती.