भिजवलेला पापड

सून गॅसवर पापड भाजते, काळ्या मिरीचा वास घरभर पसरतो आणि मी पुन्हा उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन बसते.

फाळणीनंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. नवऱ्याचं अंबरनाथचं घर सोडून मी भावाच्या दारात आले, तर त्याच्या बराकीतल्या खोलीला कुलूप. शेजारच्या सिंधी बाईंनी मला आत बोलावलं. सगळे त्यांना अम्मा म्हणत. गोणपाटाच्या पडद्याआड बसवून त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला. सुजलेल्या गालाबद्दल एक शब्द विचारला नाही.

आमच्या घरी जेवताना आवाज झालेला ह्यांना खपत नसे. भांडं वाजलं, बांगडी वाजली, तरी आधी ताट भिंतीवर जायचं, मग मी. म्हणून मी पापडाचा तुकडा गुपचूप पाण्यात बुडवला आणि मऊ करून गिळला.

अम्मांनी ते पाहिलं. भिजका पापड काढून घेतला, शेगडीवर दोन नवे भाजले आणि माझ्यासमोर बसून स्वतःचा कडाकडा चावू लागल्या.

"आवाज होने दे, बेटी. पापड है."

मी चावला. त्या आवाजाने माझेच हात डोक्यावर गेले. अम्मा मात्र खातच राहिल्या.

तेव्हा वाटलं, सुटले. हे वारले, त्यालाही आता किती वर्षं झाली. मी पापड कुरकुरीतच खाते. फक्त पहिला तुकडा मोडताना नजर दाराकडे जाते.

नातीला वाटतं, आजी कुणाची तरी वाट बघतेय.