ताणा बाहेरचा, बाणा इथला: भंडाऱ्यात एक सहमती होताना

"भंडाऱ्याला? फिरायला?" निघायच्या आधी हा प्रश्न मला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि स्टेशनला सोडणाऱ्या रिक्षावाल्यानंही विचारला. खरं तर मी कामाला चालले होते. मी दुभाषी आहे. परदेशी संस्थांच्या बैठकांमध्ये बसते, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करते. आजवर या बैठका पुण्या-मुंबईच्या थंडगार हॉटेलांत व्हायच्या. यावेळी बोलावणं आलं ते थेट भंडाऱ्याहून. कोसा, म्हणजे टसर, रेशमाचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखायचा होता आणि त्यात विणकरांना नि कोसा पाळणाऱ्यांनाही बरोबरीनं बसवायचं होतं. नागपूरच्या पूर्वेला मी कधी गेलेच नव्हते. हो म्हटलं आणि एक दिवस आधीच निघाले, म्हणजे थोडं भटकताही येईल.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी नागपूर. स्टेशनवरून बसस्टँडला जाऊन एसटी पकडा. भंडाऱ्याच्या गाड्या सारख्या असतात, रस्ता झकास आहे आणि वाटेतला चहा धरूनही दोन तासांत आपण पोचतो. तिकीट एका साध्या जेवणाच्या किमतीचं. बसस्टँडजवळ बऱ्यापैकी लॉज आहेत, हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते. दिवाळी होऊन गेली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. दुपारी तर्री पोहे खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. संध्याकाळी कारध्याच्या पुलावर गेले. वैनगंगा एवढी रुंद असेल असं वाटलंच नव्हतं. पुलावर गार वारा आणि खाली जाळी आवरणारे लोक. इतकं बघून परतले असते तरी प्रवास सार्थकी लागला असता.

बैठक एका मंगल कार्यालयात होती. कोपऱ्यात नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या पांढऱ्या कापडानं झाकून ठेवलेल्या. गोल मांडलेल्या टेबलांभोवती व्यापार वाढवणारी एक संस्था, ग्रामीण विकासाचं काम करणारी दुसरी, पैसा देणारा एक युरोपीय देश, आपल्या सरकारी खात्याचे अधिकारी आणि इथली माणसं. अध्यक्ष होती आमा, घानाची, पन्नाशीतली, व्यापार संस्थेत आयुष्य गेलेली. पैसा देणाऱ्या देशाकडून एरिक आला होता. उंच, भिडस्त, सतत फोनकडे बघणारा. विणकरांच्या वतीनं मोहाडीचे प्रभाकरकाका होते, चार पिढ्या मागावर बसणाऱ्या घरातले. आणि कोसा पाळणाऱ्या बायांच्या वतीनं आंबागडच्या वंदनाताई. शेती, जंगलातली कामं आणि बचतगट असं सगळं सांभाळणाऱ्या.

सुरुवातीलाच आमानं सांगितलं की इथे मतदान होणार नाही. प्रत्येक परिच्छेद वाचला जाईल, कुणाची हरकत नसेल तर तो मंजूर. एकानंही हरकत घेऊन अडवलं तर पुढे जायचं नाही. मी ते मराठीत सांगितलं. प्रभाकरकाका हसले.

"मॅडमले म्हणा, हात वर करा ना. पाच मिनिटांत काम होते. कायले तीन दिवस?"

आमानं उत्तर दिलं, "मतदानात हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. आणि मला तुम्ही सगळे कामावर हवे आहात."

ते काकांना पटलं. पण 'कन्सेन्सस'ला मी 'एकमत' म्हटलं, तेव्हा वंदनाताईंनी मान हलवली. "एकमत नाही होनार ताई. आमचं मत येगळं, काकायचं येगळं. ते कसं एक होईन?"

त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर मी 'सहमती' म्हणायला लागले.

वाद कशाचा होता ते सांगते. कोशाच्या अळ्या जंगलात ऐनाच्या झाडांवर वाढतात. बाया दिवसभर पाखरं हाकत त्यांची राखण करतात, मग अळ्यांचे कोश, म्हणजे कोसे, उतरवून विकतात. त्यांतून रेशमाचं सूत निघतं. पण इथले विणकर आता बरंचसं सूत बाहेरून आणतात, कारण ते एकसारखं येतं आणि वेळेवर मिळतं. पहिल्या वर्षीचं काम कुठून सुरू करायचं हा प्रश्न होता. काकांना नवे रंग, नवी डिझाइन आणि परदेशातलं गिऱ्हाईक हवं होतं. वंदनाताईंना अळ्यांची निरोगी अंडी आणि कोसे विकत घेणारं कुणीतरी हवं होतं. एरिकच्या देशाला निर्यात लवकर दिसायला हवी होती. मसुद्यात एका ठिकाणी 'सूत' असं लिहिलं होतं. वंदनाताई म्हणाल्या, 'इथलं सूत' लिहा. काका म्हणाले, तसं लिहिलं तर माग बंद पडतील. त्या एका शब्दावर अख्खी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी आमानं सगळ्यांना गाड्यांत बसवलं. "कागदावर भांडण्यापेक्षा बघून येऊ," ती म्हणाली. भंडाऱ्याहून मोहाडी जवळच. आठवडी बाजाराचा दिवस होता, लाखोरीच्या डाळीचे वडे गरमागरम निघत होते. तेवढ्यासाठी तरी मोहाडीला थांबाच. काकांच्या घरी पुढच्या खोलीतच माग. त्यांचा मुलगा विणत होता आणि जमिनीचा थरथराट माझ्या पायांना जाणवत होता. वंदनाताई बराच वेळ मागाजवळ उभ्या राहिल्या. इतकी वर्षं कोसे विकले, पण त्यांचं पुढे काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं, असं त्या मला म्हणाल्या. काकूंनी सगळ्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. चिन्नोर तांदळाचा भात होता. ताटात पडला आणि सगळी खोली घमघमली. एरिकनं तीन वेळा भात घेतला.

तुमसरनंतर रस्ता अरुंद होतो, पुढे आंबागडच्या डोंगराखाली गाव. किल्ला बघायचा असेल तर सकाळी या, पाणी बरोबर ठेवा, वर काही मिळत नाही. आम्ही मात्र गेलो गावामागच्या जंगलात. ऐनाच्या फांद्यांवर कोसे लोंबत होते, राखाडी-पिवळे, लहान अंड्याएवढे. प्रभाकरकाकांनी एक हातात घेतला, दाबून पाहिला. "कडक आहे," एवढंच म्हणाले. मग वंदनाताईंना विचारलं, "रोग पडते का?"

"पडते ना. मागच्या साली अर्ध्याच्या वर गेलं. म्हणून तं अंडी मागून राहिलो."

इकडच्या बाया 'मागून राहिले' नाही, 'मागून राहिलो' म्हणतात. ऐकायला मला फार आवडायचं.

गावात गटाच्या बाया जमल्या होत्या, काही नाकाडोंगरीकडून जीप करून आलेल्या. वंदनाताईंच्या घरात, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोखाली सगळ्या दाटीवाटीनं बसल्या. मला वाटलं होतं, या सगळ्या वंदनाताईंच्या मागे एका सुरात उभ्या राहतील. तसं काही झालं नाही. एक म्हणाली, आधी अंडी. दुसरी म्हणाली, अंडी नंतर, आधी भाव ठरवा. तिसरीला सूत काढायची मशीन हवी होती. आमाला मी भाषांतर करून देत होते, ती खुदकन हसली आणि माझ्या कानात म्हणाली, "आमच्या मुख्यालयातही असंच असतं."

मग तिनं सांगितलं की तिची आई घानात शिया नावाच्या झाडाच्या बिया वेचायची, त्यांचं लोणी काढून विकायची. त्या बियांसाठी बाहेरच्यांनी किती कार्यक्रम आखले, पण तिच्या आईला कुणी कधी विचारलं नाही. ते सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. पण ही बाई या गोल टेबलांमागे इतकी का लागते, ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच एरिकनं सांगून टाकलं की संध्याकाळपर्यंत ठरलं नाही तर यंदाचा निधी दुसऱ्या देशातल्या कार्यक्रमाकडे जाईल. धमकी नव्हती. त्यालाही वरून तसंच सांगितलं होतं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

आमा परिच्छेद वाचत गेली. वाचायचं, थांबायचं, सगळ्यांकडे बघायचं. "हरकत?" कुणी बोललं नाही की पुढे. मग तो सुताचा परिच्छेद आला. रात्री अधिकाऱ्यांनी तो बदलला होता. आता लिहिलं होतं, 'योग्य दर्जाचं सूत, शक्य तिथे स्थानिक.' मी मराठीत वाचला. आमानं विचारलं, "हरकत?"

मी वंदनाताईंकडे बघितलं. त्या टेबलाकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गच्च गुंडाळत होत्या. आदल्या दोन दिवसांत मी या बाईला प्रत्येक वाक्यावर बोलताना ऐकलं होतं.

दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, आणि मी तो कधी मोडला नव्हता. आमा पान उलटणार इतक्यात मी हात वर केला. म्हटलं, "अध्यक्ष, मला भाषेबद्दल एक खुलासा हवाय. इथे गप्प बसणं म्हणजे होकारच, हे मी सगळ्यांपर्यंत नीट पोचवलंय की नाही, मला खात्री नाही. पुन्हा सांगू?"

आमानं माझ्याकडे एक क्षण रोखून पाहिलं. "सांगा."

मी सांगितलं, सगळ्यांना उद्देशून. आता गप्प राहिलात तर तुम्हाला हे मान्य आहे असं लिहिलं जाईल.

वंदनाताईंनी मान वर केली. "मान्य नाही ना ताई. 'शक्य तिथे' म्हणजे कुठीच नाही. पन मी बोललो आन सगळ्यायचंच गेलं तं? काकायच्या घरी आमी जेवलो. माह्या एका बोलण्यानं त्यायच्या पोराचं काम जाऊ नये."

हे मी इंग्रजीत सांगितलं. आमानं चहाची सुट्टी जाहीर केली.

आणि खरी बैठक झाली ती तिथे, चहाच्या किटलीपाशी. प्रभाकरकाका कप हातात घेऊन वंदनाताईंजवळ आले.

"काहून नाही बोलली तू आधी? मी काय वाघ आहो का?"

"तसं नाही काका."

"मंग आयक. ताण्याले सूत एकसारखं लागते, नाही तं मागावर तुटते. ते मले बाहेरचंच लागंल. पन बाण्याले तुमचं चालते. थोडं जाड, थोडं बारीक असलं तरी चालते, उलट कापड चांगलं दिसते. ताना बाहेरचा, बाना इथला. असं लिहा म्हणा ना."

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. एरिकला समजावण्यासाठी मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली. वंदनाताई विचार करत होत्या. "भाव कोसे तोडायच्या आधी ठरंल का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "ठरवू. दोघं बसून ठरवू." एरिक फोन घेऊन बाहेर अंगणात गेला. काचेतून तो दिसत होता, कधी हात हलवत, कधी कपाळ चोळत. कार्यालयाच्या आचाऱ्यानं मला विचारलं, "त्या साहेबाच्या घरी काही वाईट झालं का जी?"

एरिक परत आला तो हसत नव्हता, पण मान डोलावत आला. त्याच्या देशाला पहिल्या वर्षी निर्यात कमी दिसेल. ते त्यांना फारसं पसंत नाही आणि तसं इतिवृत्तात नोंदवलं जावं. पण अडवणार नाहीत. बदल्यात निरोगी अंडी पुरवणारं केंद्र पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी. हे ऐकून वंदनाताईंचा चेहरा उतरला. तोवर पुन्हा रोग पडला तर पीक जाणार होतं, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी गावात फोन लावला. गटातल्या बायांशी बराच वेळ बोलल्या. मग आत येऊन बसल्या.

आमानं नवा परिच्छेद वाचला. "हरकत?"

वंदनाताईंनी स्वतःहून तोंड उघडलं. "हरकत आहे, पन अडवत नाही. असं लिहा." मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आमानं तसंच लिहून घेतलं आणि पुढचं पान उलटलं.

संध्याकाळी निघताना आमानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "तो खुलासा भाषेचा नव्हता, हे मला कळलं होतं." आणि माझा खांदा दाबून गाडीत बसली.

घरी येऊन आता काही महिने झालेत. भंडाऱ्यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी वैनगंगेचं, चिन्नोरच्या भाताचं आणि आंबागडच्या वाटेचं सांगते, आणि जा म्हणून मागे लागते. माझं मात्र तिथे एक झालं. 'कन्सेन्सस' हा शब्द मी वर्षानुवर्षं सहज भाषांतर करून टाकत होते. तो कुणाकुणाला काय सोडायला लावतो, ते बघायला मला जंगलाच्या कडेपर्यंत जावं लागलं. काका, वंदनाताई आणि एरिक, तिघांपैकी कुणालाच हवं ते पूर्ण मिळालं नाही. वंदनाताईंना तर सगळ्यात कमी, आणि ते मला अजून टोचतं.

मागच्या आठवड्यात त्यांना फोन केला. म्हणाल्या, इथल्या बाण्याच्या पहिल्या साड्या मागावरून उतरल्या. दोन चांगल्या निघाल्या, तिसरीत गाठीच गाठी. काका चिडले. भावावरून मोहाडीत बैठक झाली, मोठमोठ्यानं भांडण झालं, काही ठरलं नाही. मंगळवारी पुन्हा बसायचंय.

"मग जाणार तुम्ही?" मी विचारलं. "एवढं भांडण होऊनही?"

"जातो ना ताई," त्या म्हणाल्या. "नाही गेलो तं माह्याशिवायच ठरवतीन."