मडगार्डावरची पांढरी माती

वाशिमच्या चुनाभट्टीवाल्या सैफुद्दीनला सायकल चालवता येत होती, असं म्हणणं धाडसाचं होईल. तो तिच्यावर बसे आणि ती जाई, इतकं खरं. ब्रेक नावाला होते. थांबायचं झालं की सैफुद्दीन उजव्या पायातली चप्पल पुढच्या चाकावर दाबून धरी. त्यामुळे उजवी चप्पल वर्षातून दोनदा झिजे आणि डावी कोरी राही. घरात डाव्या पायाच्या सात चपला साठल्या होत्या. बायको जैतुनबी त्या फेकू देत नसे. तिचं म्हणणं, माणसाचं काय सांगावं, उद्या डाव्या पायानं थांबेल.

ही सदतीस सालाच्या आसपासची गोष्ट. वाशिमात तेव्हा सायकली होत्या त्या मास्तरांच्या आणि कचेरीतल्या कारकुनांच्या. त्या सकाळी जात आणि संध्याकाळी परत येत. सैफुद्दीनची सायकल गिट्टीच्या सडकेवरून मुरमाच्या वाटेला लागे, मुरमाच्या वाटेवरून गाडवाटेला, आणि गाडवाट संपली की एखाद्या खड्ड्यात उतरे. खड्ड्यात उतरणं हा अपघात नव्हता. तेच तिचं काम होतं.

आपल्याकडे काळ्या मातीच्या पोटात, विशेषतः नाल्यांच्या काठाने, सुपारीएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंतचे पांढरे, गाठाळ खडे सापडतात. ती चुनखडी. ती भट्टीत भाजायची, पाण्यानं फोडायची, बैल जुंपून दगडी चाक फिरवतात त्या घाणीत मळायची, की बांधकामाचा चुना होतो. वाशिमजवळच्या मालेगाव ते मेडशी या पट्ट्यात हा उद्योग किती पिढ्या चालला ते कुणालाच माहीत नाही. अमक्याची गढी या खदानीतून निघाली, तमकी बारव त्या खदानीतून, असं म्हातारे बोट दाखवून सांगत. दोन म्हाताऱ्यांची बोटं सहसा एका दिशेला जात नसत. गढ्या पडल्या, बारवा बुजल्या, खड्डे मात्र शाबूत राहिले. त्यांत बाभळी वाढल्या, शेळ्या बसू लागल्या. या खड्ड्यांचा नकाशा कुठल्याही दप्तरात नव्हता. थोडाबहुत होता तो सैफुद्दीनच्या डोक्यात, आणि बाकीचा त्याच्या सायकलच्या मडगार्डाखाली.

ही त्याची स्वतःची विद्या होती. चाक जिथून जातं तिथली माती उचलतं आणि मडगार्डाच्या आत चिकटवतं. दिवसभर पंधरा जागी फिरून आलं की आत थरावर थर बसलेले असत. सैफुद्दीन सायकल उलटी करून, सुरीच्या टोकानं ते थर एकेक उकलून पाही. पांढरी कड दिसली की खिशातलं लिंबू काढून त्यावर पिळी. फेस आला, तर चुना. गावोगावच्या पोरांना वाटे, मियासाब सायकलची दृष्ट काढून राह्यले.

त्या वर्षीच्या कार्तिकात ही विद्या पणाला लागली. अनसिंगकडच्या ज्या शेतातून भट्टीला माल येत होता तिथे काळा पत्थर लागला. माल संपला. भट्टी तीन आठवडे गार होती आणि तिच्यात एका गाभण कुत्रीनं बिऱ्हाड केलं होतं. तिकडे गावात नव्या दवाखान्याचा पाया खणून तयार होता. ठेकेदार हिरालाल एका संध्याकाळी भट्टीपाशी आला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"सैफू, आइतवारच्या बाजारापर्यंत मले एक पोतं माल दाखव. नाई तं मी अकोल्याहून शिमिट आनतो."

"शिमिटाले राखेचा वास येते, शेठ."

"दवाखाना हाये तो. तिथं भिताडाचा वास कोन घेऊन राह्यलं?"

सैफुद्दीनला शिमिटाची, म्हणजे सिमेंटची, भीती त्याच्या वासामुळे नव्हती. शिमिट पोत्यातून निघतं, पाणी घातलं की कामाला लागतं. त्याला भट्टी लागत नाही, घाणी लागत नाही, आणि सैफुद्दीन तर मुळीच लागत नाही. एकदा गवंड्यांच्या हाताला ती सवय लागली की कोण कशाला परत चुना मळत बसेल? आजोबांपासून पेटत आलेली भट्टी कुत्रीच्याच नावावर जायची.

जैतुनबी भट्टीची आग सांभाळी. धुराच्या रंगावरून माल कच्चा की पक्का ते ती घरातून सांगे. तिनं आपली मुदत वेगळी दिली.

"शेठचा आइतवार शेठपाशी. ही कुत्री व्याली तं दोन महिने मी भट्टी पेटू देनार नाई, सांगून ठेवते. लेकुरवाळीले मी हाकलनार नाई."

"मंग आताच हाकल ना."

"तुमी माल तं आना. आदीच काहून हाकलू बिचारीले?"

शुक्रवारी पहाटे सैफुद्दीन निघाला. मालेगावच्या अलीकडे-पलीकडे त्यानं त्या दिवशी सात जुन्या खदानी घेतल्या. प्रत्येकीत सायकलसकट उतरायचं, एक फेरी मारायची, जमेल तिथं उकरायचं, आणि निघायचं. चालत फिरला असता तर तीन झाल्या असत्या. पहिल्या तिन्हीत बाभळींशिवाय काही नव्हतं. मग एक नाला लागला. त्याला पूल नव्हता, पाणी मांडीपर्यंत होतं. सायकल निम्मी बुडाली आणि धुऊन निघाली. पुढे चौथी, पाचवी. मग सरकारी सडकेच्या एका तुकड्यावर नवा तांबडा मुरूम ओला करून अंथरला होता, त्यावरून अर्धा मैल. मग सहावी आणि सातवी, दोन्ही काळ्या चिखलाच्या. एकीतही माल दिसला नाही. दिवस कलताना तो मेडशीच्या अलीकडे रंगराव माळ्याच्या मळ्यात पोचला. रंगराव जुन्या ओळखीचा. त्याच्या विहिरीचं बांधकाम सैफुद्दीनच्याच चुन्यात झालेलं.

सायकलवरून उतरून त्यानं सवयीनं मडगार्डाखाली बोट घातलं. बोटाच्या टोकाला पांढरं लागलं. लिंबू पिळलं. फेस आला.

आता इथं कुणीही घाई केली असती. सैफुद्दीननं केली नाही. उजेड कमी होता, थर नीट दिसायला सूर्य डोक्यावर हवा. शिवाय दिवसभर पोटात काही नव्हतं. त्यानं सायकल कडुलिंबाला टेकवली, हात-पाय धुतले, भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि गोठ्यापुढच्या बाजेवर निजला. बऱ्याच दिवसांनी त्याला चांगली झोप लागली.

सकाळी सायकल लिंबाखालीच होती आणि चमकत होती.

"कोनं धुतली?" सैफुद्दीननं विचारलं.

"मी," रंगरावची बायको हौसाबाई म्हणाली. ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मेडशीकडच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. "पाहुन्याचा बैल आला तं आपुन धूत नाई का? ही बी तशीच. केवढी माखली होती बापा. पाटाच्या पान्यात घेतली, नारयाच्या शेंडीनं घासली. साखयीले करडीचं तेल बी देल्लं."

"चारा टाकाचा तेवढा राह्यला," रंगराव म्हणाला.

सैफुद्दीननं मडगार्डाखाली बोट घातलं. ते कोरं निघालं. या घरात पाहुण्याचं जनावर मळकं ठेवणं ही बदनामीची गोष्ट होती, आणि त्याच्या हिशेबी या बाईनं अख्खा नकाशा मेथीच्या वाफ्यात सोडला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे रागवायचं कुणावर हे त्याला ठरवता येईना. त्यानं सगळं सांगितलं. हिरालाल, शिमिट, भट्टी, आजचा शनिवार आणि उद्याचा आइतवार.

रंगरावनं बायकोकडे पाहिलं. "तुले कोनं सांगतलं होतं?"

"तुमाले तं आजवर कोनी काही सांगतलं नाई, तरी खाता ना दोन टाइम?" हौसाबाईनं जुडी खाली ठेवली. "सैफूभाई, तुमाले माती पायजे का मातीची खबर पायजे?"

"म्हंजे?"

"मी मायीन हावो. माती हातात आली तं मी पाहीन नाई का? वर काया चिखल होता, आमच्या मेथीसारखाच. त्याच्या खाली तांबडा मुरूम, रवाळ, हाताले टोचे. त्याच्या खाली पांढरं, पिठावानी. पांढऱ्याच्या खाली लोखंड."

"नक्की? पांढरं तांबड्याच्या खालीच?"

"तुमी लिंबू पियून पाहता, मी हात लावून पाहतो. नक्की."

सैफुद्दीन काडीनं जमिनीवर रेघा ओढू लागला. काळा चिखल सहावीचा नि सातवीचा. तांबडा मुरूम त्याच्या आधीचा, सरकारी सडकेचा. पांढरं त्याच्याही आधीचं, पण नाल्याच्या नंतरचं, कारण नाल्यात सगळं धुऊन गेलं होतं. म्हणजे चौथी किंवा पाचवी खदान. चौथीत त्यानं ढोपरभर उकरलं होतं, खाली पत्थर निघाला. राहिली पाचवी. पाचवीत काय पाहिलं ते तो आठवू लागला, आणि त्याला काहीच आठवेना. मग आठवलं. पाचवीत साखळी उतरली होती. खदानीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तो साखळीकडे पाहत होता आणि तिच्याशी बोलत होता. जन्मभर जमिनीकडे पाहत फिरलेल्या या माणसानं सात खदानींपैकी नेमक्या एकीत खाली पाहिलं नव्हतं.

"रोटी खाऊन जा," रंगराव म्हणाला. पण सैफुद्दीन निघालासुद्धा होता. तेल दिलेली साखळी त्या दिवशी एकदाही उतरली नाही, हे नमूद केलं पाहिजे.

पाचव्या खदानीत रुपाबाई नावाची म्हातारी शेळ्या राखत होती. खदान तिच्याच वावरात होती. सायकलवाला उतारावरून थेट शेळ्यांत घुसला, चप्पल दाबून थांबला आणि ओणवा होऊन तिच्या गाडवाटेची चाकोरी नखानं उकरू लागला, हे सगळं तिनं शांतपणे पाहिलं.

"काय हरपलं बावा?"

"हरपलं नाई, मावशे. सापडून राह्यलं." पावसानं चाकोरी वीतभर कापली होती आणि कापलेल्या कडेला पांढरे खडे दातांसारखे दिसत होते. त्यानं लिंबू पिळलं. फेस असा आला की शेळीसुद्धा वास घ्यायला पुढे झाली. "ही खदान मले उकरू देशीन का?"

"कायले?"

"चुन्यासाठी."

"उकर. पन चौकोनी नको उकरू. गोल उकर. सरय खाली."

"गोल कायले?"

"चुना तुहा. खाली पानी लागलं तं इहीर माही. मी दोन मैलावरून पानी आनून राह्यली बावा, वीस वर्षं झाले."

गोल खणायचं म्हणजे पसरलेला माल बाजूला सोडून सरळ खाली जायचं. चुनखडीवाल्याला हा सौदा कधीच परवडत नाही. सैफुद्दीननं आकाशाकडे पाहिलं, दुपार होत आली होती, आणि हो म्हणाला. पोतं भरून मागे बांधलं तशी सायकलचं पुढचं चाक वर उठू लागलं. वाशिमपर्यंतच्या सोळा मैलांपैकी निम्मे तो बसून आला आणि निम्मे ढकलत.

आइतवारी हिरालालनं भरबाजारात पोतं उघडलं, एक खडा फोडून पाहिला, दुसरा फोडला. "पेटव," म्हणाला. जैतुनबीनं कुत्रीला भाकरीच्या तुकड्यावर घराच्या ओट्याखाली हलवलं आणि दुसऱ्या दिवशी भट्टीला आग दिली.

सैफुद्दीननं शब्द पाळला. खदान गोल गेली, सरळ खाली गेली. माल इतका चांगला होता की गवंडी त्याची चव घेऊन पाहत. दवाखान्याचा पाया झाला, चारी भिंती झाल्या, आणि चौदा हातांवर, छतापुरता माल अजून काढायचा असताना, पाणी लागलं. एका दिवसात पुरुषभर चढलं. उपसलं तर पुन्हा चढलं. रुपाबाईनं काठावर हळदीकुंकू वाहिलं. छताला हिरालालनं शिमिट वापरलं. तो दवाखाना असा दोन पंथांचा उभा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात सैफुद्दीन दुसऱ्या खदानीच्या शोधात तिकडून जात होता. रुपाबाईनं हाक मारून त्याला थांबवलं.

"पाहून घे तुही इहीर. पानी गोड हाये, पन त्यात तुरीची दाय शिजत नाई. दोन घंटे जाय केला तरी दाने तसेच."

सैफुद्दीननं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं, गिळलं. त्याचा चेहरा उजळला.

"बिलकुल नाई शिजत?"

"बिलकुल नाई."

"मंग हे चुन्याचं पानी. माल अजून लई हाये खाली," तो म्हणाला, आणि काठावर बसून बराच वेळ पाण्यात पाहत राहिला.